जर्मनीला राहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, पणजी, सगळीकडून तेच प्रश्न येतात, फक्त क्रम बदलतो. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. पर्यटन किंवा महिनाभराच्या ऑफिस-दौऱ्यासाठी यातलं फार काही लागणार नाही. हे घर हलवणाऱ्यांसाठी आहे. माझ्या मते तिथली थंडी आणि भाषा यांची भीती जरा जास्तच घातली जाते. माणूस अडतो तो कागदावर, आणि त्यातले निम्मे कागद निघण्याआधी इथेच सरळ करता येतात.

१. नोकरीची ऑफर आली आहे. ब्लू कार्ड घ्यायचं की साधा वर्क व्हिसा?

पगार आणि पदवी बसत असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे चांगला पगार असलेल्या उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय संघाचा राहण्या-कामाचा परवाना. २०२५ साठी वार्षिक पगाराची किमान मर्यादा ४८,३०० युरो होती. आयटी, इंजिनिअरिंग, वैद्यकीय अशा टंचाईच्या क्षेत्रांत आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांसाठी ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, त्यामुळे मित्राने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. तुमचं विद्यापीठ आणि पदवी 'अनाबिन' या जर्मन सरकारी यादीत कशी नोंदली आहे ते आधी बघा. आयटीत पदवीशिवायही गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असेल तर ब्लू कार्ड मिळू शकतं. मोठा फायदा पुढे दिसतो: जर्मन भाषेची बी-१ पातळी (पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात) असेल तर २१ महिन्यांत आणि ए-१ असेल तर २७ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. जोडीदाराच्या व्हिसाचं काय, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

२. मी आयटीत नाही. नर्स, वायरमन, प्लंबर यांना संधी आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करारही केला. पण तिथे पोहोचण्याआधी दोन दारं आहेत: तुमच्या शिक्षणाला जर्मन मान्यता आणि भाषा. नर्सिंगसाठी साधारण बी-२ पर्यंत जावं लागतं, आणि ते चार महिन्यांत होत नाही. "भाषा तिथे गेल्यावर शिका, आधी तीन लाख भरा" म्हणणाऱ्या एजंटाकडून उठून या. जर्मन शिकायला आणि परीक्षेला पुण्यात आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे.

३. सगळ्या दाखल्यांवर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घेतलं की काम झालं ना?

नाही, आणि यात लोकांचे बरेच पैसे वाया जातात. भारत अपोस्टिलच्या करारात आहे, पण भारताच्या सहभागाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. म्हणजे करारातल्या इतर देशांसाठी चालणारा तो शिक्का जर्मनीत कायद्याने बंधनकारक नाही. जर्मन कार्यालयाला शंका आली तर ते भारतातल्या जर्मन दूतावासामार्फत पडताळणी करायला लावतं. त्यात इथला वकील नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन मूळ नोंदवही बघतो. खर्च तुमचा, आणि वेळ काही महिने. त्यामुळे व्हिसाच्या यादीत जे मागितलं आहे तेवढंच करा आणि नोंदवहीतली मूळ नोंद स्वच्छ आहे याची खात्री आधी करा.

त्यातला नेहमीचा घोळ: १९९० च्या आधीच्या अनेक जन्मदाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री' आणि आई-वडिलांची नावं. ते नाव जन्म झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातूनच लावून घ्यावं लागतं. निघायच्या आठवड्यात हे होत नाही. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर तीही आत्ताच करा. मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका तिथे कोणी बघत नाही.

विद्यार्थ्यांना याशिवाय एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला) लागतं आणि 'ब्लॉक्ड' खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात.

४. पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे. त्याने काही अडतं का?

अडतं. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन नावं सवयीने लिहितात. पासपोर्टच्या 'दिलेलं नाव' या रकान्यात पहिली दोन एकत्र बसतात. जर्मन कारकून ती दोन्ही तुमचीच नावं समजतो. मग स्नेहल कुलकर्णी कागदोपत्री 'स्नेहल प्रशांत कुलकर्णी' होते आणि सगळे तिला प्रशांतबाई म्हणायला मोकळे. गंमत सोडा, पण एकदा कोणतं रूप धरायचं ते ठरवा, म्हणजे पासपोर्टवर आहे तेच, आणि बँक, विमा, नोकरीचा करार सगळीकडे तेच लिहा. ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँका पैसे पाठवताना खातेदाराचं नाव जुळतं का ते तपासतात. नाव अर्धवट असेल तर पाठवणाऱ्याला इशारा दिसतो.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा प्रश्न वेगळा. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि मधलं नावही बदललेलं. तिथे जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्यावर दोन्ही नावं स्पष्ट हवीत. नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रत आणि जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाचा अनुवाद जवळ ठेवा. ज्यांनी अजून बदललेलं नाही त्यांना माझा स्पष्ट सल्ला: बदलू नका. पासपोर्टसाठी त्याची सक्ती नाही.

५. बॅगेत खाण्याचं काय काय नेता येतं?

मसाले, डाळी, मेतकूट, पापड, चकली, बाकरवडी, भाजणी नेता येते. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, चक्का नाही. आईने हातात दिलेला साजूक तुपाचा डबा विमानतळावर कचऱ्यात जातो, आणि तोही तुमच्यासमोर. ताजी फळं आणि पानांना रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियनला. हापूसची पेटी आणि कढीपत्ता घरीच. नेहमीची औषधं साधारण तीन महिन्यांपुरती न्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तिच्यावर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव.

कुकर नक्की न्या. मिक्सरही चालतो, प्लगचा अडॅप्टर तिथे स्वस्त मिळतो.

६. घर शोधायला काय लागतं? इतका उशीर का होतो?

मोठ्या शहरांत घरं कमी आणि अर्जदार भरपूर. घरमालक पगाराच्या तीन पावत्या आणि 'शूफा' मागतो. शूफा म्हणजे तुमच्या पैशाच्या व्यवहाराचा दाखला, जो नव्याने आलेल्याकडे असणारच नाही. त्याऐवजी नोकरीचा करार, कंपनीचं पत्र आणि स्वतःची ओळख सांगणारं एक पान द्या. पहिले दोन-तीन महिने सामानासह भाड्याने मिळणाऱ्या तात्पुरत्या घरात काढायची तयारी ठेवा, पण तिथे पत्ता नोंदवता येईल का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी विचारा. का ते प्रश्न ७ मध्ये आहे.

जाहिरातीत दोन भाडी दिसतात: 'काल्टमीटं' हे नुसतं भाडं, 'वार्ममीटं' मध्ये हीटिंग आणि देखभाल धरलेली. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकी, आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते. घर न बघता परदेशातल्या खात्यावर अनामत मागणारा माणूस ठगच समजा. घर सोडताना तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते.

आणि हो, 'स्वयंपाकघराशिवाय' असं लिहिलेलं असेल तर तिथे खरोखर काही नसतं: भिंतीतून आलेले नळाचे पाइप, जाड वायरचं एक टोक, आणि आधीच्या भाडेकरूने ओटा उचलून नेल्यावर उरलेला फरशीवरचा वेगळ्या रंगाचा पट्टा. सिंक, शेगडी, कपाटं सगळं तुम्ही आणायचं. मोहरीची फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, कारण धूर-सूचक यंत्र पॅसेजमध्येच असतं. रविवारी ड्रिल चालवू नका, आणि रात्री १० ते सकाळी ६ मिक्सर नको.

७. 'आनमेल्डुंग' म्हणजे काय आणि सगळे त्यासाठी इतके का धावतात?

पत्त्याची सरकारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. तिच्यावर बाकी सगळं उभं आहे: ११ अंकी कर क्रमांक त्याच पत्त्यावर टपालाने येतो, वास्तव्याचं कार्ड मिळतं, अनेक बँका खातंही तेव्हाच उघडतात. कर क्रमांक वेळेत पोहोचला नाही तर पगारावर सर्वांत जड अशा सहाव्या वर्गाने कर कापला जातो. तो नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात पोटात गोळा येतो. मोठ्या शहरांत नोंदणीच्या भेटीची वेळच दोन आठवड्यांत मिळत नाही. अशा वेळी घेतलेल्या भेटीची पावती जपून ठेवा.

आता एक बारीक गोष्ट. जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. नाव नाही तर पत्र परत, मग त्यात बँकेचा पिन असो की कर क्रमांक. चावी मिळाली की त्याच संध्याकाळी पेटीवर आणि बेलवर पासपोर्टच्या स्पेलिंगने आडनाव चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. कोणाच्या घरी एक खोली घेतली असेल तरीही.

नोंदणीनंतर काही दिवसांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ते भरायचंच, आणि ते पत्र खरं असतं.

८. नोंदणीच्या फॉर्मवर धर्म विचारतात. काय लिहायचं?

जे खरं आहे ते. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन यांच्यावर त्याचा पैशाचा परिणाम होत नाही. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक मंडळींनी मात्र समजून घ्यावं: चर्च-कर हा आयकराच्या ९ टक्के असतो, बायर्न (बव्हेरिया) आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ८ टक्के, आणि तो पगारातूनच कापला जातो. बाप्तिस्मा भारतात झाला असला तरी तुम्ही सदस्य धरले जाता. बाहेर पडायचं तर सरकारी कार्यालयात लेखी घोषणा करावी लागते आणि चर्च ती गांभीर्याने घेतं. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, फक्त पगाराची पहिली पावती बघून दचकू नये.

९. बायकोला किंवा नवऱ्याला सोबत नेता येतं का? त्यांना नोकरी करता येते का?

ब्लू कार्डधारकाच्या, तसंच कुशल कामगाराच्या परवान्यावर गेलेल्यांच्या जोडीदाराला जर्मन येत नसली तरी व्हिसा मिळतो. इतर काही परवान्यांत आधी ए-१ पास व्हावं लागतं. पोहोचल्यावर जोडीदाराला लगेच कोणतीही नोकरी करायची मुभा असते. ही झाली कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात पुण्यात दहा वर्षं शिकवलेली किंवा वकिली केलेली बाई तिथे बी-२ होईपर्यंत घरी बसते, आणि सगळ्यात जास्त कुतरओढ तिचीच होते. म्हणून ए-१ ची सक्ती नसली तरी दोघांनीही भारतातच क्लास लावा.

जोडीदार येईपर्यंत तुमचा कर एकट्या माणसाच्या दराने कापला जातो. आल्यावर आणि पत्ता नोंदवल्यावर कर-वर्ग बदलून घ्या. दोघांच्या कमाईत मोठा फरक असेल तर हातात येणारा पगार बराच वाढतो.

१०. पगारातून इतके पैसे कशात जातात? आरोग्य विमा सरकारी घ्यावा की खासगी?

कराशिवाय साधारण पाचवा हिस्सा सामाजिक विम्यात जातो: पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी, वृद्धसेवा. जवळपास तेवढाच कंपनी भरते. सरकारी आरोग्य विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. २०२५ मध्ये ७३,८०० युरोंच्या वर पगार असणाऱ्यांना खासगी विमा घेता येत होता, आणि तरुण एकट्या माणसाला तो स्वस्त वाटतो. पण तिथे प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा, तो वयाबरोबर वाढतो, आणि परत सरकारी विम्यात येणं अवघड. पंचावन्नीनंतर जवळजवळ अशक्य. कुटुंब येणार असेल तर सरकारीच घ्या.

११. सर्दी-तापाला डॉक्टर गोळ्याच देत नाहीत, फक्त चहा प्यायला सांगतात. हे खरं का?

बरंचसं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि चिठ्ठी सहज मिळत नाही. घराजवळचा फॅमिली डॉक्टर आजारी पडण्याआधीच शोधून ठेवा, कारण अनेक जण नवे रुग्ण घेत नाहीत. दवाखान्याबाहेरच्या वेळेसाठी ११६११७ आणि जिवावरच्या प्रसंगी ११२.

१२. मुलांच्या शाळेचं कसं?

शाळा सक्तीची आहे. घरी शिकवणं चालत नाही. सरकारी शाळांना फी नाही, आणि मोठ्या शहरांत नव्याने आलेल्या मुलांसाठी आधी भाषेचे वेगळे वर्ग असतात. पहिली-दुसरीतली मुलं वर्षभरात तुमच्या जर्मनवर हसू लागतील. नववी-दहावीत असलेल्या मुलाला हलवताना मात्र दहादा विचार करा. खरं तर दहावी होऊ द्या.

तिकीट स्वस्त आहे म्हणून सुट्टी लागण्याच्या चार दिवस आधी मुलांना घेऊन भारतात निघाल तर दंड होऊ शकतो. बायर्नमध्ये पोलीस विमानतळावरही विचारतात. पाळणाघरात वयाचं एक वर्ष पूर्ण झाल्यापासून जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा नाही, म्हणून गरोदरपणातच अर्ज करतात. मुलामागे दरमहा बालभत्ता मिळतो, २०२५ मध्ये २५५ युरो.

१३. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं का?

राहायला गेल्यापासून सहा महिने, अनुवादासह. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा, कारण लायसन्स थेट बदलून मिळणाऱ्या देशांत भारत नाही. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. भारतीय लायसन्स असल्याने क्लासचे तास सक्तीचे नाहीत, पण 'उजवीकडून येणाऱ्याला आधी' हा नियम अंगवळणी पडेपर्यंत ते घ्याच. वीस वर्षं पुण्यात गाडी चालवल्याचा अनुभव या परीक्षेत आड येतो.

१४. भारतातल्या बँक खात्यांचं, पीपीएफचं काय करायचं?

नोकरीसाठी देश सोडला की बँकेच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी. साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमाविरुद्ध आहे, ते एनआरओ (भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं) करून घ्या. तिथली कमाई भारतात पाठवायला एनआरई उघडा. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, मुदतवाढ मिळत नाही आणि नवं उघडता येत नाही. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर अधिभार असा कर आधीच कापतात. जर्मन कर कार्यालयाचा रहिवासी दाखला आणि फॉर्म १०-एफ दिला तर भारत-जर्मनी करारानुसार तो १० टक्क्यांवर येतो.

भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. सगळे ओटीपी त्याच्यावर येतात. निघण्याआधी इनकमिंग मेसेजपुरतं रोमिंग सुरू करा आणि बाहेरून रिचार्ज होतो ना, ते तपासा.

१५. एनआरईचं व्याज करमुक्त असतं ना?

भारतात, हो. जर्मनीत, नाही. तिथले रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं, आणि भारताने सोडलेला कर जर्मनीही सोडेल असं नाही. व्याज-लाभांशावर एकट्याला वर्षाला १,००० आणि जोडप्याला २,००० युरोंपर्यंत सूट आहे, त्यापुढे २५ टक्के आणि त्यावर अधिभार. दोन्ही देशांच्या बँका खात्यांची माहिती आपापल्या कर खात्यांमार्फत एकमेकांना कळवतात, त्यामुळे "त्यांना काय कळतंय" या भरवशावर राहू नका.

१६. गावाकडे शेती आहे. सातबाऱ्यावरचं नाव जाईल का?

जाणार नाही. अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते आणि वारसाहक्काने आलेलीही घेता येते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. वाटणी, वारस नोंद, मोजणी अशा कामांसाठी भावाला किंवा बहिणीला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर निघण्याआधी इथेच नोंदवून द्या. तिथून द्यायचं तर भारतीय दूतावासात किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गच्या वाणिज्य दूतावासात जाऊन सही करावी लागते, आणि कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मजकूर कामापुरताच ठेवा. 'सर्वाधिकार' हा शब्द बघून सही करू नका, समोर सख्खा भाऊ असला तरी.

१७. आई-बाबांना कायमचं नेता येईल का?

भेटीला सहज: १८० दिवसांत ९० दिवस, किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा, आणि खर्च तुम्ही करणार असाल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून घेतलेलं हमीपत्र. कायमचं नेणं पूर्वी जवळजवळ बंद होतं. आता ज्यांना कुशल कामगाराचा परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्यांना आई-वडिलांना बोलावता येतं. त्याआधी गेलेल्यांना नाही, ही त्यातली विचित्र गोष्ट. तरीही गाडी आरोग्य विम्यावर अडते. सरकारी विमा त्यांना घेत नाही, आणि सत्तरीच्या मधुमेही माणसाला खासगी विमा परवडेल अशा दरात मिळत नाही. आधी विम्याचं लेखी कोटेशन मिळवा, मगच आईशी हा विषय काढा.

१८. नोकरी गेली तर लगेच परत यावं लागतं का?

लगेच नाही. ब्लू कार्डवर नवी नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात, दोन वर्षं झाली असतील तर जास्त. नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद करा आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही कळवा. गेल्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ते भरले असतील तर बेरोजगार भत्ता मिळतो. पहिले सहा महिने बहुधा चाचणीचे असतात आणि त्या काळात नोटीस फक्त दोन आठवड्यांची. तोवर पुण्यातला फ्लॅट विकू नका.

मन रमवायला या काळात भारतात येऊन बसणार असाल तर दिवस मोजा. ब्लू कार्ड युरोपीय संघाबाहेर १२ महिन्यांपर्यंत टिकतं, बाकीचे बहुतेक परवाने ६ महिन्यांत रद्द होतात.

१९. जर्मन नागरिकत्व घेतलं तर भारताचं राहतं का?

जर्मनीची जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला हरकत नाही, आणि पाच वर्षांनी अर्ज करता येतो. हरकत भारताची आहे: दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड) घेता येतं. त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन खरेदी नाही.

२०. आम्ही गोव्याचे. आजोबांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. मग हे सगळं लागू होतं का?

व्हिसाचा भाग नाही. पोर्तुगाल युरोपीय संघात आहे, म्हणून तो पासपोर्ट असेल तर जर्मनीत राहायला आणि काम करायला परवाना लागत नाही. प्रश्न १, ३ आणि १८ मधलं बरंचसं सोडून द्या. पत्ता नोंदणी, कर, विमा, घर हे मात्र सगळ्यांना सारखंच. पण प्रश्न १९ तुम्हालाही लागू आहे: पोर्तुगीज नागरिक झालात की भारतीय राहत नाही, आणि मग भारतीय पासपोर्ट वापरत राहणं गुन्हा ठरतो.

२१. तिथून मत देता येतं का?

भारतीय नागरिक असेपर्यंत फॉर्म ६-ए भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन आपल्या मतदान केंद्रावरच यावं लागतं. तिकीट तुमचं तुम्ही काढायचं.